खालच्या काकूंची पसंती

“नको. ही पण नको,” काकूंनी तिसऱ्यांदा मान हलवली आणि चष्मेवाल्याने तीही झांज बाजूला ठेवली.

त्याच्या खिशाला परवडतील अशा क्रॅश सिंबल त्या वाद्यांच्या दुकानात चारच होत्या. त्यातल्या तीन बाद झाल्या. क्रॅश म्हणजे ड्रमसेटवरची ती मोठी झांज. गाणं रंगात आलं की एकदाच, पण सणसणीत हाणायची. त्याची जुनी तडकली होती. बँडचा म्होरक्या होता बेकरीवाला. त्याने सरळ सांगितलं होतं, “रविवारी नवी घेऊन ये, नाहीतर दुसरा ड्रमर तयारच आहे.” दिवसभर दुसऱ्यांच्या चष्म्यांच्या काचा घासणाऱ्या या माणसाला ड्रमवर बसणं हे एकच सुख होतं. आणि ते आता काकूंच्या हातात होतं.

काकू म्हणजे त्याच्या खालच्या मजल्यावरच्या. सोसायटीच्या चेअरमनचं फर्मानच होतं : घरात नवीन काही वाजणारं आणायचं, तर आधी खालच्यांची लेखी संमती हवी. काकू म्हणाल्या, “सही करीन, पण माझ्या कानांनी ऐकून.” आणि पर्स काखेत मारून थेट दुकानात हजर!

म्हणून गडी चलाखी करत होता. झोपलेल्या बाळाच्या गालावरून हात फिरवावा, तशी प्रत्येक झांज हळूच वाजवत होता. तरी बाईंचं समाधान होईना. त्या दर वेळी दुकानाबाहेर जायच्या, काचेचं दार घट्ट लावून घ्यायच्या, त्याला कान टेकवायच्या आणि आत येऊन नाक मुरडायच्या.

राहिली चौथी. कडेला ओरखडा पडलेला, म्हणून स्वस्त. पण आवाजाला अगदी राक्षस! ती काकूंना ऐकवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

काकू बाहेर गेल्या. दार लागलं. त्याने झांजेला नुसती टिचकी मारली. काकू तरातरा आत आल्या.

“अरे, जेवला नाहीस का? नीट मार की!”

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. रविवार तर हातचा गेलाच होता, मग भ्यायचं कुणाला? काकू पुन्हा दाराबाहेर जाताच त्याने स्टिक उगारली आणि दिली ठेवून. भिंतीवरच्या गिटारी आपोआप गुणगुणल्या. दुकानदाराचा चहा शर्टावर सांडला.

चष्मेवाल्याने डोळे गच्च मिटून घेतले. आता काकू फाडून खाणार! मग त्याने हळूच एक डोळा उघडला. काकू काउंटरवर वाकून संमतीच्या कागदावर सही करत होत्या.

“काकू, अहो, एवढा आवाज चालेल तुम्हाला?”

“चालेल काय, एवढाच हवाय!” काकूंनी पेनाचं टोपण लावलं. “आमचे हे रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मला भाजी चिरायला शिकवतात. तू वाजवायला लागलास की वैतागून तासभर फिरायला तरी जायचे. आता मेली त्यांना त्याचीही सवय झाली, परवा तर तुझ्या ठेक्यावर मान डोलावत मला म्हणाले, मीठ कमी पडलंय!”