डाव्या हातातला भुंगा

डाव्या बाहीची मुद्दाम उसवलेली शिवण. मिठाशिवाय भाजी. दिवसाला एक लिटर पाणी. लाल नळी, निळी नळी.

डॉक्टरांनी भास्कररावांच्या डाव्या हातातली धमनी शिरेला जोडली होती. डायलिसिसची सुई तिथेच टोचत. उजव्या हाताच्या शिरा केव्हाच निकामी झाल्या होत्या. त्या जोडाला कान लावला की आत भुंगा गुणगुणे. वत्सला रोज जेवणानंतर नवऱ्याचा तो भुंगा ऐके, मगच भांड्यांना हात लावी.

आज संध्याकाळी दवाखान्यात नर्सने तिथे स्टेथोस्कोप ठेवला. सरकवला. पुन्हा ठेवला.

“काका, आवाज बंद आहे. हात दाबला गेला का कुठे?”

दुपारी दोनला भुंगा ऐकता ऐकता वत्सलाला त्याच हातावर झोप लागली होती, ती चारपर्यंत. किती दिवसांनी लागली होती!

“मीच त्या कुशीवर घोरत पडलो,” भास्करराव म्हणाले. “रागवायचं तर मला रागव. हिला काही बोलू नकोस.”

“रागवून काय करू, काका? आता सुई टोचायला जागाच उरली नाही.”

भिंतीवरच्या तक्त्यातला माणूस डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत लाल-निळ्या रक्तवाहिन्यांनी गच्च भरला होता. वत्सलाने वाकून नवऱ्याच्या हाताला पुन्हा कान लावला. आत काहीच नव्हतं.

दुपारी दोन ते चार भास्करराव जागेच होते.