पुस्तक मिटल्यावर

"थांबलात का हो?" गवार मोडता मोडता कुमुदिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"पुस्तकात लिहिलंय, पुस्तक मिटा आणि मनात येईल ते वाजवा," गिटार घेऊन बसलेले मोहोळकर म्हणाले.

"मग वाजवा की."

"मनात काय यावं ते पुढच्या पानावर असेल. पण मिटलेलं कसं उघडू?"

रविवारी नातीचं बारसं. पाळण्याला आपण नवी चाल लावू, असं ते लेकीला सांगून बसले होते. पुस्तकातला प्रत्येक धडा इमानेइतबारे गिरवला; बोटं सुधारली, चाल सुचेना.

बाईंनी मिटलेल्या पुस्तकावर गवारीची परात ठेवली. नाइलाजाने मोहोळकरांनी तार छेडली. एक सूर चुकला. तो बरा वाटला म्हणून पुन्हा चुकवला, तर त्यामागून चार सूर आपणहून आले.

वर्षभरात बाईंनी गिटारीबद्दल एकच सूचना केली होती: दार लावून घ्या. आज म्हणाल्या, "पुन्हा वाजवा."

मोहोळकरांना काही आठवेना. "गेलं गं."

शेंगेवरची नजर न काढता बाईंनी तेच सूर गुणगुणले. मोहोळकर तारांवर बोटं शोधत मागोमाग निघाले.

"जरा सावकाश गं," ते म्हणाले, "मला ही चाल नवीन आहे."