चाकांवरची सवत

देवाशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझे दात पडोत, उरलेले चारही.

नरहररावांची रंध्याची मशीन सकाळी दहाला विकली जायची होती, आणि पावणेदहाला ती आपल्या पायांनी घराबाहेर पडली.

पायांनी म्हणजे चाकांनी. ती चाकं नरहररावांनीच बसवलेली. या माणसाने बत्तीस वर्षं कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडाचे साचे केले, घरी येऊन व्हरांड्यात पुन्हा लाकूडच केलं. आता रिटायर झाले होते. महिनाअखेर क्वार्टर सोडून अवधपुरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. मुलाने, जयंताने, पुण्याहून फोनवर निकाल दिला, "बाबा, फ्लॅटमध्ये कारखाना चालणार नाही. विकून टाका." नरहरराव "बरं" म्हणाले. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं, तेही त्यांना कळलं नाही.

मशीन सव्वातीनशे किलोची, नुसतं बिडाचं लोखंड. कोटरा सुल्तानाबादच्या शंकर मिस्त्रीने ती घ्यायची ठरवली होती. तो म्हणाला, "बाबूजी, उठाने को छह आदमी लगेंगे. मेरे पास दो हैं." म्हणून मग नरहररावांनी तिला चाकांची बैठक करायला घेतली. लोखंडी चाकं आणली, ती फरशीवर ओरखडे काढायला लागली. रबराची आणली, ती दुपारपर्यंत बसून बसून भाकरीसारखी चपटी. शेवटी नायलॉनची जमली. मागची दोन सरळ, पुढची दोन फिरती, त्यातल्या एकाला पायाने दाबायचा ब्रेक. साल वृक्षाच्या लाकडाची भक्कम चौकट केली, आणि मशीन चाकांच्या डोक्यावर न ठेवता चाकांच्या मधे, जमिनीपासून दोन बोटं वर बसवली.

"उंच ठेवली तर वळणावर कलंडेल," नरहरराव म्हणाले.

"व्हरांड्यात कुठलं आलंय वळण?" नलिनी म्हणाली. नलिनी त्यांची बायको. पोह्यात भुसा, वाळत घातलेल्या साड्यांवर भुसा, बोलायला जावं तर घर्रर्र. तीस वर्षं ती मशीनला सवत म्हणत आली होती. "माझ्या दिवाणाला चाकं लावा म्हणून घसा कोरडा झाला. आणि सवतीला गाडी!"

आठ दिवस नरहरराव त्या बैठकीवर खपले. विकायच्या वस्तूवर कोणी एवढं खपतं का? शेवटी ती अशी झाली की एका बोटाने ढकलावी. आणि मग ते मशीनजवळ नुसतेच बसून राहायला लागले. जेवायला हाका माराव्या लागायच्या.

त्या सकाळी टेम्पोसाठी फाटक उघडून ठेवलं होतं. नलिनी हळदकुंकू घेऊन बाहेर आली.

"हे काय आता?"

"जातेय ना घरातून? कुंकू लावून पाठवते. सवत असली तरी सवाष्ण."

नरहररावांनी तोंड फिरवलं. डोळ्यात भुसा गेला म्हणाले. मशीन आठ दिवसांत चाललीच नव्हती, भुसा कुठला? नलिनीने वाकून मशीनला कुंकू लावलं, सरळ झाली, आणि चाकाचा ब्रेक आपोआप सुटला.

स्कूटर चढवायला केलेल्या उतारावरून मशीन खाली आली, फाटकातून निघाली आणि कॉलनीच्या रस्त्याला लागली. गाईने बाजू दिली. दूधवाल्याने सायकल नालीत घातली. नरहरराव लुंगी सावरत मागे. कोपऱ्यावर मशीन अशी झोकात वळली, की नरहरराव धावता धावता ओरडले, "बघ! कलंडली का? कलंडली का?"

मशीन थांबली ती थेट चौथ्या लाइनीत, सुचेताच्या कुंपणाला टेकून. सुचेता शाळेत शिकवायची. पावसाने तिचं पुढचं दार फुगून असं बसलं होतं की दोन महिने ती मागच्या दाराने ये-जा करत होती. तिने मशीन पाहिली, धापा टाकणारे नरहरराव पाहिले.

"काका, भाजीच्या ठेल्यासारखी दारात सेवा? आधी नाही का सांगायचं! थांबा, दार उतरवते."

तिच्याच खिडकीतून वायर घेतली. ब्रेक लावला. मशीन घर्रर्र झाली, आणि तो आवाज ज्याला ज्याला ऐकू गेला त्याला आपलं फुगलेलं दार आठवलं.

शंकर टेम्पो घेऊन आला तर रस्त्यावर अकरा माणसं उभी, प्रत्येकाच्या डोक्यावर दार. त्याला वाटलं, सगळी कॉलनीच क्वार्टर सोडून चालली.

"बाबूजी, मशीन..."

"जरा पलीकडून दार धर," नरहरराव म्हणाले.

शंकरने एक वाजेपर्यंत दारं धरली. नरहररावांच्या मिशांत भुसा, भुवयांत भुसा, आणि सुचेताने दिलेल्या भाजीत मीठ कमी आहे हे त्यांनी पहिल्याच घासाला सांगितलं.

"देना है कि नहीं, एक बार बोल दो," शंकर शेवटी म्हणाला.

नरहररावांनी मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" नलिनी म्हणाली. "फ्लॅटला पार्किंग आहे, आपल्याकडे गाडी नाही. हिलाच उभी करा तिथे."

शंकर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, टेम्पोत स्वतःच्या घराचं दार घालून.

आता तुम्ही असे डोळे बारीक करून बघताय, तर सांगते. एकच गोष्ट मी पदरची घातली. सव्वातीनशे किलोच्या मशीनचा ब्रेक आपोआप सुटत नसतो. कुंकू लावायला वाकलेल्या बाईच्या पायाला अंगठा असतो.