मीन राशीचं भविष्य

दौलतच्या दहाव्याचा दुसरा दिवस उजाडतो न उजाडतो तोच सीताराम जुन्या मासिकांचा गठ्ठा काखोटीला मारून रखमाच्या दारात हजर झाला.

पोलिसांच्या गोळीबारात परळच्या नाक्यावर पडलेला दौलत हा रखमाचा एकुलता एक मुलगा. त्याला ताटावरून उठवून मोर्च्याला नेलं ते ह्याच सीतारामनं. भोईवाड्यातल्या त्या अख्ख्या चाळीला हे ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी बोलत नव्हतं. सीताराम चाळीच्या वाचनालयाचा चिटणीस. दहा दिवस त्याला झोप नव्हती, म्हणून बसला होता जुने अंक चाळत.

"मावशी, बघा तरी. श्रावणाच्या अंकातलं हे चित्र. दिव्याचा खांब, खाली पडलेला माणूस. आपला दौलत कुठं पडला? खांबाखालीच ना! आणि ही भादव्यातली गोष्ट. पोरगा मरतो, वय बावीस. दौलतचंही बावीस!"

दारात बायका जमल्या. कुणी 'अगो बाई' केलं, कुणी कानाला हात लावला. मेलेल्याबद्दल काही नवं कळलं की चाळीला दुसरं काय हवं! सीतारामला आणखी चेव आला. त्यानं दिवाळी अंक उघडून वार्षिक भविष्यावर बोट ठेवलं.

"पत्रिका नसली तर रास नावावरून धरतात. दौलत म्हणजे मीन. ऐका. 'पौषात शस्त्रभय. घराबाहेर जपावे.' दोन महिने आधी छापलंय हे! लिहिलेलंच होतं, मावशी. माझ्या हातात काय होतं?"

शेवटचं वाक्य तो हळू बोलला. सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच होता.

रखमा भिंतीला टेकून बसली होती. "झालं तुझं?" ती म्हणाली. "दौलत हे नाव शाळेतल्या मास्तरांनी घातलं. ह्याच्या आधीची माझी तीन पोरं पाळण्यातच गेली. ह्याला दृष्ट नको म्हणून मी बारशाला दगडू नाव ठेवलं. कुंभ रास. भटजींनी तेव्हाच सांगितलेली. कुंभेचं वाच."

सीतारामनं वरच्या ओळी पाहिल्या आणि अंक मिटला. "जाऊ द्या, मावशी."

"वाच, मेल्या! मोठ्यानं वाच. ह्या सगळ्या ऐकायलाच जमल्यात ना?"

"'कुंभ. प्रकृती उत्तम. नोकरीत बढती.'" पुढची ओळ त्यानं भराभर उरकली. "'वैशाखात विवाहयोग.'"

ह्या वेळी कुणी कानाला हात लावला नाही. एकदोघी तर मागच्या मागे सटकल्याच.

"माझ्या पोराला तू नेलास आणि पोलिसानं मारला," रखमा म्हणाली. "छापखान्यानं नाय मारला." तिनं खाली पसरलेले अंक गोळा केले आणि त्याच्या छातीवर आदळले.

"आता असाच लालबागला जा. वैशाखात त्याच्याशी लग्न ठरलेली चंपा बसलीय तिथं, अन्नाला शिवत नाय. तिला वाचून दाखव हे."