चाचणीचं गिऱ्हाईक

“यंत्राला हात लावायचा नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “यंत्रावर चष्म्याचा नंबर माझी मांजरसुद्धा काढील. तू हाताने काढून दाखव. आता दारातून पहिला जो आत येईल, त्याचा.”

दारातून पहिला आत आला तो, ठरल्याप्रमाणे, नोकरीसाठी परीक्षा द्यायला आलेल्या ह्या मुलीचा होणारा नवरा. गेली दहा मिनिटं तो समोरच्या फुटपाथवर घड्याळ बघत उभा होता. आत येऊन त्याने तिच्याकडे इतक्या अनोळखी चेहऱ्याने पाहिलं, की दोघांची जुनी ओळख असावी असा संशय कुणालाही यावा.

“डोळे तपासायचेत,” तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला.

ओळख लपवायला कारण होतं. चष्म्याच्या ह्या दुकानात परदेशातून आलेल्यांना काम मिळे, पण कुणासाठी तरी आलेल्या मुलींना मालकीणबाई ठेवून घेत नाहीत, असं ऐकिवात होतं. तिला पाहुणी म्हणून राहायला मिळालेल्या वीस दिवसांतले चार संपले होते. नोकरीचं पत्र मिळालं तर इथे राहायचं. नाहीतर परत घरी, पुन्हा फोनच्या काचेत बघून प्रेम करायचं, आणि रोज आत्याने शोधलेल्या मुलांचे फोटो बघायचे.

मालकीणबाई मागे जाऊन फ्रेमा पुसत बसल्या. कान इकडेच ठेवून.

तिने गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड गोल चौकट चढवली आणि एक डोळा झाकला. “वाचा.”

गिऱ्हाइकाने समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. पाढे म्हणावेत तसा, न अडखळता. तळाची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा सोडली नाहीत. वर हळूच हसला. बघ, तुझं काम किती सोपं केलं.

तिला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. तिने त्याच्या डोळ्यासमोर एक जाड काच सरकवली, जिच्यातून दहा पावलांवरचा हत्तीही दिसला नसता.

“आता वाचा.”

तो पुन्हा वाचत सुटला. तळापर्यंत.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गेले दोन महिने ती रोज फोनवर हाच तक्ता इथल्या उच्चारात म्हणायचा सराव करत होती, आणि चुका काढायला पलीकडे हाच बसलेला असे. तिच्यापेक्षा त्याचाच जास्त पाठ झाला होता.

समोर वही उघडी होती. ‘नजर उत्तम’ एवढे दोन शब्द लिहिले, की परीक्षा संपत होती. तिने पेन उचललं. मग खाली ठेवलं आणि ती जाड काच काढून टाकली.

“शेवटची ओळ उजवीकडून डावीकडे वाचा.”

“अं?”

“उलटी.”

“उलटी कशाला? सुलटी वाचली की मघाशी.”

“वाचा.”

गिऱ्हाइकाने डोळे बारीक केले. मान कासवासारखी पुढे काढली. शेवटची ओळ सोडा, वरून दुसऱ्या ओळीतच त्याची गाडी रुतली. मग ती एकेक काच बदलत गेली. ही बरी की ही?

“दोन्ही छान आहेत.”

“कापड नाही दाखवत आहे मी. नीट सांगा.”

दोन्ही डोळे झाले. वजा सव्वादोन. तिने वहीत स्वच्छ अक्षरात आकडा लिहिला, आणि नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला.

“गाडी चालवता?”

“हो. म्हणजे, रस्ता ओळखीचा आहे.”

“समोरचं दिसतं?”

“समोरचा बाजूला होतो ना.”

“आणि विमानतळावरून ह्याच डोळ्यांनी मला घरी आणलंस?” ती ओरडली. “दोनदा माझ्या पुढ्यातून गेलास! मी इथे हात हलवतेय, आणि हा झाडूवाल्याकडे बघून हसतोय! चार दिवस मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, दोन वर्षांत चेहराच विसरला हा माझा.”

फ्रेमा पुसण्याचा आवाज थांबला.

“मला वाटलं,” गिऱ्हाईक हळूच म्हणालं, “सगळ्यांनाच एवढं दिसतं.”

मालकीणबाई उठून आल्या. त्यांनी वहीतला आकडा पाहिला, गिऱ्हाइकाच्या चौकटीतल्या काचा पाहिल्या, मग तिच्याकडे पाहिलं. ती पर्स उचलायच्या बेतात होती.

“ह्या कामासाठी आजवर पाच जणी येऊन गेल्या,” मालकीणबाई म्हणाल्या. “पाचही वेळा पहिलं गिऱ्हाईक असंच फुटपाथवर घड्याळ बघत उभं होतं. पाचही जणींनी लिहून दिलं, नजर उत्तम.” त्यांनी वही मिटली. “उद्या नऊला ये. आणि तुम्ही हो, गाडीची किल्ली इथे ठेवा. चष्मा तीन दिवसांनी मिळेल.”

गिऱ्हाइकाने मुकाट्याने किल्ली ठेवली. तिने त्याच्या नाकावरची चौकट काढली आणि ती पेटीत ठेवायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. वळून पाहिलं, तर तो तोंडभर हसत होता. खुंटीवर टांगलेल्या पांढऱ्या कोटाकडे बघून.

सव्वादोन नंबरच्या माणसाला हातभराच्या आतलं तेवढं स्वच्छ दिसतं, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. ती परत आली. खुर्चीजवळ आली, आणखी थोडी पुढे सरकली, आणि त्याची नजर कोटावरून निघून तिच्यावर येऊन थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.