एका मुळाचे

मंगळवार पेठेतल्या, जातीबाहेर लग्न केल्यापासून तिला बंद झालेल्या माहेराच्या दारात विद्याश्री तान्ह्या लेकीला घेऊन उभी राहिली. दार वडिलांनीच उघडलं. ईरप्पा नातीकडं बघतच राहिले.

"हिला कूळ कुठलं लावणार?" त्यांनी विचारलं.

विद्याश्री कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायची. तिच्या पीएचडीचे पेढे याच अप्पांनी पेठभर वाटले होते. त्या आठवणीनं तिला धीर आला.

"अप्पा, लॅटिनमध्ये कुळाला 'गेन्स' म्हणतात. तो आणि आपला 'जन' एकाच मुळातनं आलेत. 'जन्म'सुद्धा त्यातलाच. इतक्या लांबच्या माणसांचे शब्द सख्खे निघतात, ही तर तुमची नात हाय की."

ईरप्पांनी नकळत बोट पुढं केलं. बाळानं ते मुठीत गच्च धरलं. थोडा वेळ त्यांनी ते तसंच राहू दिलं, मग हळूच सोडवून घेतलं.

"शब्दांचं असंल तसं. माणसांचं न्हाय."

दार लागलं. आतून आईचा आवाज आला, "कोण आलतं वं?"

"पावणं हुतं कुणीतरी. घर चुकल्यालं."