भस्माची तीन बोटं

“पंचेचाळीस हजाराच्या वर एक रुपया न्हाय,” शिवानंदने टेबलावर तळहात आपटला. “जमतंय तर जमवा. न्हायतर राजारामपुरीत दुकानं काय कमी हाईत व्हय?”

दुकानदार राजवर्धन नुसताच हसला. त्याच्या कागदावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय सगळं उतरलं होतं. गाडं अडलं होतं ते ग्राफिक्स कार्डापाशी. तेच सगळ्यात महाग, आणि त्याच्यावाचून गेमिंगचा कंप्युटर म्हणजे मृदंगावाचून कीर्तन. शेजारच्या स्टुलावर त्याची लेक वर्षाराणी बसली होती. बारावी झालीस की कंप्युटर, असा अप्पांनी शब्द दिला होता, आणि लेकीने तो पदराला गाठ मारून ठेवला होता.

“काका, जुनं चालंल का?” राजवर्धनने विचारलं. “वापरलेलं हाय, पण ठणठणीत. नऊ हजारात देतो, म्हंजे बाकी सगळं बसतंय.”

शिवानंदच्या कपाळाला आठी पडली. “जुन्यात आधीच्या माणसाचं काय-बाय राहतंय.”

“कार्डात काय राहतंय वो! फोटो, गेम, सगळं डिस्कात. ह्ये बापडं नुसतं पडद्यावर चित्र काढतंय. लाईट गेली की आपल्यावर कोण खेळत हुतं त्येबी ह्येच्या ध्यानात न्हाय.”

त्याने मागच्या फडताळातून एक पुडकं काढलं आणि वरचं प्लॅस्टिक सोडवलं. काळं, विटेएवढं कार्ड, पुढे दोन पंखे. पाठ दाखवायला म्हणून त्याने ते उलटं केलं.

पाठीच्या काळ्या पत्र्यावर भस्माचे तीन पट्टे होते. पाण्यात कालवून बोटांनी ओढलेले, वाळून पत्र्याला धरलेले. वरचा सरळ. खालचा सरळ. मधला अर्ध्यात तुटलेला.

शिवानंदने उजवा हात टेबलाखाली घेतला. त्या हाताचं मधलं बोट शिरोलीच्या फौंड्रीत यंत्रात सापडून वाकडं झालं होतं. दर खंडेनवमीला मिक्सरपासून मोपेडपर्यंत घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांना तो भस्म लावायचा, आणि दर खेपेला मधला पट्टा तिथंच तुटायचा. एका साली थोरल्या लेकाने, सोमशेखरने, स्वतः कंप्युटर खोलून पुढ्यात ठेवला होता. ‘अप्पा, डब्याला काय लावताय? राबणारा आत बसलाय.’ त्याच्या पुढची खंडेनवमी सोमशेखरने बघितली नाही.

“डाग हाय जरा. पुसून देतो की,” राजवर्धनने स्पिरिटची बाटली उचलली.

“पुसू नका,” वर्षाराणी म्हणाली.

तिने कार्ड आपल्याकडे ओढलं. मग मान वर न करताच म्हणाली, “दादाचा कंप्युटर तुमी मठातल्या पोरांना दिला म्हणला हुता न्हवं, अप्पा? मठानं इकला असंल.”

व्हय म्हटलं की संपलं असतं. पोरीनेच वाट काढून दिली होती. पण दर सोमवारी ज्या मठात कीर्तनाला टाळ धरून उभं राहायचं, त्याचं नाव घेऊन दुसऱ्यांदा खोटं बोलायला शिवानंदची जीभ उचलेना.

“भंगारवाल्याला दिलता,” तो म्हणाला. “रातचं त्येच्या खोलीत पंखा फिरल्यागत वाटायचं. वायर काढून ठेवलीती. तरीबी.”

“ठाऊक हाय. गच्चीवरनं टेम्पो बघितलाता मी.”

“मग वर्सभर बोलली कशी न्हाईस?”

“तुमाला झोप लागाय लागलीती.”

राजवर्धनने एकदा बापाकडे बघितलं, एकदा लेकीकडे. काय उमजलं ते त्याचं त्याला माहीत. “चालवून दाखवतो,” एवढंच म्हणाला. टेबलावर एक उघडाच कंप्युटर मांडलेला होता, त्यात त्याने कार्ड बसवलं आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. घरघर चढत गेली, आणि त्या घरघरीत, पातं कुठंतरी घासावं तसं, किट… किट… किट…

शिवानंदचा हात टेबलाखालून वर आला. हाच आवाज. लोटलेल्या दाराआडून, ऐन जेवणाच्या वक्ताला, रोज. कीर्तनात बुवा सांगायचे, हाकेची एकदा सवय जडली की समोर कुणी आहे का नाही हे बघायला ती थांबत नाही. बुवा देवाबद्दल सांगायचे.

“सोमू, बास कर की आता! ताट वाढलंय!”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शिवानंदने तोंडावर हात धरला, पण हाक गेली ती गेली.

पंखे मंदावले. किट… किट… मग थांबले.

“बिघडलेलं न्हाय हं, काका,” राजवर्धन घाईघाईने म्हणाला. “काम नसलं की त्ये आपोआप थांबत्यात. तसंच असतंय त्ये.”

त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. वर्षाराणीने पत्र्यावरच्या तीन पट्ट्यांवर आपली तीन बोटं टेकवली.

“दादा आजपतोर एका हाकंत कवा उठला न्हवता, अप्पा,” ती म्हणाली.